शाळेचे मैदान कोणाच्या खर्चाने?

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दरवाज्याचा इतिहास लिहितो. शाळेत कोणाला घेतले, कोणाला नाकारले, कायदा कोणत्या साली झाला, एवढ्यावर आपली लेखणी थांबते. दरवाज्याच्या आत गेल्यावर पाण्याच्या हंड्याजवळ काय झाले, मैदानावर काय झाले आणि त्या मैदानाचा खर्च कोणाच्या खिशातून गेला, हा इतिहास अद्याप नीट लिहिला गेलेला नाही. वास्तविक समतेची परीक्षा तेथेच होते.

सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, असे मुंबई सरकारने १८५८ साली जाहीर केले. त्यानंतर चार दशके उलटल्यावर साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता आणि शिपायाने नळ सोडला तरच त्याला पाणी मिळत होते. शाळा खुली होती. नळ खुला नव्हता. मैदानाची गोष्टही अशीच. पळवणकर बाळू हा चांभार समाजातला तरुण पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची राखण करी. पुढे तो हिंदूंच्या संघातून खेळला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात चहाच्या वेळी त्याच्या हाती मातीचे वेगळे भांडे येई आणि तेही बाहेर. ज्याच्या श्रमावर मैदान उभे राहिले, त्याला त्या मैदानाचा वाटेकरी मानण्याची तयारी समाजाची नव्हती. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह आणि वाचनालय यांच्याबरोबर महार हॉकी क्लबही चालविला, तो हे ओळखूनच. खेळ ही चैन आहे, असे त्या सभेने मानले नाही.

आता थोडे दूर जाऊ. बाबासाहेबांनी १९४६ साली डॉ. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांच्या आणि येथील अस्पृश्यांच्या प्रश्नातील साम्य दाखविले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव तिकडूनच घेतले. तिकडची कविता आपण आवडीने वाचली. आता त्यांच्या शाळांचे जमाखर्चही वाचले पाहिजेत. अमेरिकेत हायस्कूलचा खेळ हा सबंध गावाचा सोहळा असतो. स्टेडियम, दिवे, जिम्नॅशियम, प्रशिक्षकाचा पगार, संघाची बस, गणवेश, विमा असा हा मोठा व्यवहार आहे आणि त्याचा भार मुख्यतः गावाच्या घरजमिनीवरील करातून चालणाऱ्या शाळाखात्यावर पडतो. म्हणून हा पैसा कोणाकडे वळला, हे तेथे स्पष्ट दिसते.

१८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले. त्यातले ‘वेगळे’ काटेकोरपणे पाळले गेले, ‘समान’ कागदावर राहिले. टेक्सास राज्यातील शालेय स्पर्धांची मुख्य संघटना फक्त गोऱ्यांच्या शाळांना सभासद करून घेई. तेव्हा काळ्यांच्या शाळांनी १९२० साली आपली स्वतंत्र संघटना उभारली. प्रेअरी व्ह्यू येथील काळ्यांच्या कॉलेजने तिचा भार उचलला, म्हणून पुढे ती प्रेअरी व्ह्यू लीग या नावाने ओळखली गेली. भरभराटीच्या काळात सुमारे पाचशे शाळा तिच्यात होत्या. गोऱ्या शाळांनी टाकून दिलेले गणवेश, झिजलेली शिरस्त्राणे आणि जुने चेंडू या शाळांच्या वाट्याला येत. स्टेडियम सार्वजनिक पैशातून बांधलेले असे, पण शुक्रवारची रात्र गोऱ्यांच्या सामन्यांसाठी राखीव. काळ्यांच्या संघांना बुधवारची किंवा गुरुवारची रात्र मिळे. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाणवठा एक असला तरी वेळ आणि जागा वेगळी असते, हे त्याने पाहिलेले आहे.

तरीही त्या गुरुवारच्या रात्री काळ्या समाजाने आपल्या करून सोडल्या. ह्यूस्टन शहरात येट्स आणि व्हीटली या दोन काळ्या हायस्कूलांचा थँक्सगिव्हिंगच्या सणाचा सामना पाहायला हजारो लोक लोटत. जो ग्रीन, बब्बा स्मिथ यांच्यासारखे पुढे देशभर गाजलेले फुटबॉलपटू याच लीगमध्ये तयार झाले. अर्थात या यशाचा आधार घेऊन वेगळेपणाचे समर्थन करणे ही लबाडी ठरेल. साधने हिरावून घेतल्यावरही माणसे उभी राहिली, हा त्या माणसांचा मोठेपणा आहे. त्याचे श्रेय व्यवस्थेला देता येत नाही.

आता व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल या गावाकडे पाहू. तेथील काळ्यांचे मोटन हायस्कूल १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेले होते. १९५१ साली तेथे साडेचारशेवर मुले शिकत होती. जिम्नॅशियम नाही, जेवणघर नाही. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांतून भरत. पालकांनी नवी इमारत मागितली की पैसे नाहीत, हे उत्तर ठरलेले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने साऱ्या शाळेचा संप घडवून आणला. मागणी साधी होती : चांगली शाळा द्या. त्या मागणीतून खटला उभा राहिला आणि १९५४ साली शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणाऱ्या ब्राउन निकालात जे पाच खटले एकत्र झाले, त्यांत हा एक होता.

खटला सुरू होताच कालपर्यंत नसलेला पैसा निघाला. काळ्या मुलांनी वेगळेच राहावे म्हणून १९५३ साली त्यांच्यासाठी नवी इमारत घाईघाईने उभी केली गेली. पुढे मुले एकत्र बसविण्याचा हुकूम अटळ झाला, तेव्हा १९५९ साली तेथील प्रिन्स एडवर्ड कौंटीने सार्वजनिक शाळांसाठी कर बसविण्याचेच नाकारले. सगळ्या शाळांना कुलपे लागली. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली आणि तिला सरकारी अनुदानांचा हातभार मिळाला. सुमारे १,७०० काळ्या मुलांना मात्र शाळाच उरली नाही. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर शाळा उघडल्या. वाटून घेण्यापेक्षा मोडून टाकलेले बरे, हा विचार आपल्यालाही नवा नाही. महाडला आपण पाण्याला हात लावला, तेव्हा तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी गाव पुढे आला होता.

यापुढचा टप्पा अधिक विचार करायला लावणारा आहे. टेक्सासच्या संघटनेने १९६५ साली गोरेपणाची अट काढली, १९६७ पासून दोन्हीकडच्या शाळा एकत्र खेळू लागल्या आणि १९७० साली प्रेअरी व्ह्यू लीग संपली. समतेच्या दृष्टीने हा विजयच होता. पण एकीकरणाचा खर्च कोणी भरला? दोन शाळांची एक शाळा करताना दक्षिणेत बहुतेक ठिकाणी काळ्यांची शाळा बंद झाली. टेक्सासची राजधानी ऑस्टिन येथील जुने अँडरसन हायस्कूल १९७१ साली असेच बंद करण्यात आले. काळ्या मुलांना लांबच्या शाळेत बसने जावे लागले. मुख्य प्रशिक्षक असलेल्या काळ्या माणसाला अनेक ठिकाणी दुय्यम जागा मिळाली किंवा मिळालीच नाही. शाळेचे नाव, रंग आणि जिंकलेली पदके यांना नव्या इमारतीत जागा नव्हती. एकत्र येण्याच्या व्यवहारात दुबळ्याची संस्था बुडाली आणि बलिष्ठाची तीच ‘सर्वांची’ ठरली.

वर्णाचा कायदा गेल्यावर पैशाचा कायदा येतो. कॅलिफोर्नियात १९७८ साली लोकमताने घरजमिनीवरील करावर मर्यादा घातली गेली आणि शाळांचे उत्पन्न आटले. सँटा बार्बरा येथील हायस्कूलखात्याने कात्री लावली ती खेळ, संगीत आणि नाटक यांना. संघातून खेळायचे तर प्रत्येक संघामागे विद्यार्थ्याने २५ डॉलर भरावेत, असा नियम झाला. गरिबांना माफीची सोय होती. एक पालकबाई आणि फीविरोधी नागरिकांचा गट न्यायालयात गेला. १९८४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : खेळ आणि कला हा शिक्षणाचाच भाग आहे, राज्यघटनेने मोफत शाळेचे वचन दिले असेल तर ही फी घेता येणार नाही, आणि खात्याची आर्थिक तंगी ही सबब होऊ शकत नाही. माफीची सोय आहे म्हणून फी योग्य ठरत नाही, हेही न्यायालयाने बजावले. त्यानंतरही कित्येक शाळा या ना त्या नावाने पैसे घेतच राहिल्या. शेवटी २०१२ साली विधिमंडळाला तक्रारीची रीत घालून देणारा वेगळा कायदा करावा लागला.

माफीविषयीचा हा मुद्दा आपल्या शिक्षकांनी मनावर घ्यावा. भर वर्गात ‘सवलतवाले उभे राहा’ हे शब्द ऐकलेल्या विद्यार्थ्याला माफी म्हणजे काय ते ठाऊक असते. हक्क मागणाऱ्याला अर्जदार करून ठेवण्याची ती युक्ती आहे. शिवाय आपल्याकडे फी माफ झाली तरी बूट, गणवेश, स्पर्धेच्या गावचे भाडे आणि सरावानंतरचे खाणे माफ होत नाही. शाळा सुटल्यावर ज्या मुलीला पाणी भरायचे असते, तिची संध्याकाळही माफ होत नाही. मग संघ निवडताना तिचे नाव आपोआप गळते आणि ‘या मुलींना आवडच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान, पिण्याचे पाणी आणि खेळाचे साहित्य असलेच पाहिजे, असे म्हटले. पण त्या कायद्याची हद्द आठवीपर्यंत. जेथे शालेय खेळ खऱ्या अर्थाने सुरू होतो, त्या नववी-दहावीच्या मुलांना हा हक्क लागू नाही. कार्यकर्त्यांनी हात घालावा, अशी ही जागा आहे.

त्यासाठी मोठ्या परिषदांची वाट पाहू नये. आपल्या गावच्या हायस्कूलचे अंदाजपत्रक मागावे. खेळाच्या नावाखाली किती जमा झाले, किती खर्च झाले आणि कोणत्या मुलांवर झाले, ते पाहावे. मैदान भाड्याने दिले जाते काय, लग्नमांडवाला मिळणारे मैदान वस्तीतल्या मुलांना सुट्टीच्या दिवशी का मिळत नाही, हे विचारावे. दोन शाळा एकत्र करण्याचा ठराव आला, तर कोणती बंद होणार आणि तिथली मुले किती चालणार, हे ठरावाआधी वदवून घ्यावे. प्रिन्स एडवर्ड कौंटीतील सोळा वर्षांच्या मुलीने एवढेच केले होते. तिने आपल्या शाळेला काय मिळाले आणि शेजारच्या शाळेला काय मिळाले, हे मोजले आणि मोजलेले मोठ्याने सांगितले.