२४ एलुल ५५४७

फिलाडेल्फिया, जून १७८७. तुम्ही पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट हाउसमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभे आहात. आतला शब्द बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या गच्च बंद. लोकरी कोटांना घामाचा वास मारतोय. पुढे बुटका मॅडिसन मान खाली घालून टिपणं घेतोय. राज्यांचे प्रतिनिधी जमलेत, अमेरिकेची राज्यघटना लिहिली जातेय.

आज २८ तारीख. लहान आणि मोठ्या राज्यांची चांगलीच जुंपलीय. ८१ वर्षांचा फ्रँकलिन सुचवतो : रोज कामाआधी प्रार्थना करूया, पाद्री बोलवूया. चर्चशी ज्याचं कधी फारसं जमलं नाही, त्यालाच देव आठवावा! तुम्हाला वाटतं, झालं, आता सगळ्यांच्या माना झुकणार. पण हॅमिल्टनला धास्ती : इतक्या उशिरा प्रार्थना सुरू केली तर बाहेर लोक म्हणतील, आत काहीतरी बिनसलंय. विल्यमसनचं त्याहून रोखठोक : पाद्र्याला द्यायला पैसे नाहीत. मत न घेताच बैठक उठते. तीन-चार जण सोडले तर कुणालाच प्रार्थनेची गरज वाटली नाही, अशी नोंद फ्रँकलिन स्वतःच करून ठेवतो. अमेरिकेचं सरकार ख्रिस्ती धर्मावर उभं आहे म्हणणाऱ्यांना या खोलीत एकदा आणायला हवं.

३० ऑगस्ट. साउथ कॅरोलिनाचा चार्ल्स पिंकनी मांडतो, केंद्राच्या कुठल्याही पदासाठी धर्माची अट नको. हे लिहायची गरजच काय, असं शर्मनला वाटतं. तरी ते लिहिलं जातं. साधी गोष्ट वाटते ना? पण याच शहरात, राज्याच्या विधिमंडळात बसायचं तर जुना आणि नवा करार दोन्ही ईश्वरप्रेरित आहेत, अशी शपथ घ्यावी लागते. बऱ्याच राज्यांत ख्रिस्ती अटी होत्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. केंद्राने मात्र त्या डोळ्यांसमोर असताना टाळल्या.

आता ७ सप्टेंबर. याच शहरातला एक ज्यू व्यापारी, जोनास फिलिप्स, या घटना सभेला पत्र लिहितोय. खांद्यावरून वाचा. नवा करार देवाचा आहे, असं ज्यूने शपथेवर म्हणायचं कसं? स्वातंत्र्यासाठी ज्यूही लढलेच की. खाली ज्यू पंचांगाची तारीख घालतो : २४ एलुल ५५४७, आणि जोडीला ७ सप्टेंबर. तुम्हाला त्याच्या कानात सांगावंसं वाटतं : अहो, निदान केंद्रापुरतं तुमचं म्हणणं आठवड्यापूर्वीच मान्य झालंय! पण तिकडे खिडक्या बंद. त्याला कळणार कसं?

१७ सप्टेंबर. ३९ प्रतिनिधींच्या सह्या होतात. चर्मपत्रावर वाका, अगदी पहिल्या ओळीपासून वाचा. देव नाही, ख्रिस्त नाही. शेवटी तारखेत तेवढं ‘आपल्या प्रभूचं वर्ष’ आहे, त्या काळच्या कागदपत्रांचा रिवाज म्हणून.

फिलिप्सच्या राज्यातली नव्या कराराची शपथ जायला मात्र १७९० उजाडावं लागलं.