खाडिलकर, रघुनाथ केशव
(१९०५–७९). लोकसभेचे उपसभापती, नंतर केंद्रीय श्रम व पुनर्वसनमंत्री. दुसऱ्या लोकसभेपासून पाचव्या लोकसभेपर्यंत सलग सदस्य. काँग्रेसबाहेरच्या डाव्या राजकारणातून पुढे आले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत निवडून आले आणि १९६२ पूर्वी काँग्रेसमध्ये गेले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या, म्हणजे विरोधकांना पक्षात सामावून घेण्याच्या, राजकारणाचा तो काळ होता.

मतदारसंघ : १९५७ अहमदनगर, १९६२ व १९६७ खेड, १९७१ बारामती.

आपल्याकडे संसदपटूचे मोठेपण भाषणांवरून ठरवण्याची रीत आहे. नाथ पै किंवा मधू लिमये यांची नावे घेताच वक्तृत्व आणि हजरजबाबीपणा आठवतो. हल्ली तर विचारलेल्या प्रश्नांची आणि हजेरीची आकडेवारीच कर्तृत्वाचा दाखला म्हणून पुढे केली जाते. या मापाने खाडिलकर मागे पडतात आणि बहुतेक संदर्भग्रंथांत त्यांची बोळवण दोन ओळींत होते. पण त्यांची खरी संसदीय कामगिरी ते खासगी सदस्य म्हणून बोलायला उभे राहत तेथे नव्हती. ती सभापतींच्या आसनावर आणि नंतर मंत्र्यांच्या बाकावर घडली. शिवाय त्यांच्या संसदीय कामाची देशांतर्गत आणि युरोपविषयक अशी वाटणी करू म्हटले, तर या दोन्ही जागी हे धागे वेगळे काढता येत नाहीत. परराष्ट्र धोरणावरील चर्चांची सूची चाळून त्यांचा युरोपविषयक सहभाग शोधणाऱ्याच्या हाती म्हणूनच फारसे लागणार नाही.

२८ मार्च १९६७ रोजी ते उपसभापती झाले. त्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसचे बहुमत घटले होते, अनेक राज्यांत बिगरकाँग्रेसी सरकारे येत होती आणि सभागृह पूर्वीपेक्षा बरेच अस्वस्थ होते. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. भारत सरकारच्या सौम्य भूमिकेवर लोकसभेत तीव्र मतभेद झाले आणि अशोक मेहता यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अशा चर्चेत आसनावरील माणसाचे मत शोधणे व्यर्थ. मत असले तरी ते दिसू न देणे हेच त्याचे काम. यावर आक्षेप येतो : मग त्याला ‘योगदान’ कसे म्हणायचे? उपसभापती आसनावर नसताना इतर सदस्यांप्रमाणे बोलू शकतो आणि मतही देऊ शकतो. त्याला मौनाची सक्ती नाही. हे खरे असले तरी चर्चा कोणत्या नियमाखाली घ्यायची, कोणाला किती वेळ द्यायचा, स्थगन प्रस्ताव स्वीकारायचा की नाही, हे सगळे आसनावरून ठरते. बहुमत डळमळीत असताना हे निर्णय भाषणांइतकेच परिणामकारक असतात.

याचा उत्तम पुरावा १९ जुलै ते ८ ऑगस्ट १९६९ हा काळ. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी नीलम संजीव रेड्डींनी १९ जुलैला सभापतिपद सोडले. त्याच दिवशी कार्यवाहक राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी तेही निवडणुकीसाठी पायउतार झाले. काँग्रेस फुटीच्या उंबरठ्यावर होती. सभापतिपद रिकामे असताना त्याची कर्तव्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद ९५ नुसार उपसभापतीकडे जातात. गुरदयाल सिंग धिल्लन ८ ऑगस्टला निवडून येईपर्यंत ती खाडिलकरांकडे होती आणि बँक विधेयकावरील लोकसभेतील चर्चा याच काळातली. ९ ऑगस्टला मोहम्मद हिदायतुल्ला यांनी कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून विधेयकाला संमती दिली. सत्ताधारी पक्षच दोन गटांत विभागलेला असताना त्याच पक्षाच्या माणसाने आसन सांभाळायचे, हा प्रसंग लोकसभेच्या इतिहासात वारंवार आलेला नाही. त्यांच्यानंतर उपसभापती झालेले जी. जी. स्वेल हे काँग्रेसबाहेरचे होते.

या बँक विधेयकाला युरोपची बाजू होती. तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. राष्ट्रीयीकरण ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या भारतीय बँकांचे झाले; ग्रिंडलेज, चार्टर्ड यांसारख्या ब्रिटिश बँकांना हात लागला नाही. नेमका हाच फरक पुढे न्यायालयात महागात पडला. १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आर. सी. कूपर खटल्यात कायदा रद्द केला. अपुऱ्या भरपाईबरोबरच दुसरे कारण हे होते, की नामनिर्दिष्ट चौदा बँकांना बँकव्यवसायाची वाट बंद आणि इतर भारतीय व परदेशी बँकांना मात्र मोकळी. सरकारला नवा कायदा करावा लागला.

१ नोव्हेंबर १९६९ रोजी खाडिलकरांनी उपसभापतिपद सोडले आणि ते मंत्रिमंडळात गेले. १९७१ मध्ये श्रम व पुनर्वसन ही जोडखाती त्यांच्याकडे आली, तेव्हाच पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे सुरू झाले होते. वर्षअखेरीस नोंदलेल्या निर्वासितांची संख्या सुमारे ९९ लाख होती. त्यांपैकी ६८ लाखांच्या आसपास छावण्यांत होते. छावण्या, पटकीची साथ, धान्य आणि खर्च यांबद्दल संसदेला उत्तर देण्याची जबाबदारी या खात्याची होती. टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लागले तेही याच खर्चासाठी. इंदिरा गांधींनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बेल्जियम, ऑस्ट्रिया, ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स व पश्चिम जर्मनीचा दौरा केला. तेथे मांडलेल्या बाजूचा मुख्य आधार पुनर्वसन खात्याने मोजलेली माणसे हाच होता. बॉन आणि पॅरिसमध्ये लोकमत वळले त्याचे श्रेय राजनैतिक अधिकाऱ्यांना मिळाले. मोजदाद करणाऱ्यांची आठवण कोणी ठेवली नाही.

पिंपरी-चाकण औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे उपदान (ग्रॅच्युइटी) प्रदान अधिनियम, १९७२. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात तो संमत झाला आणि १६ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाला. त्यापूर्वी ग्रॅच्युइटी ही मालकाची मर्जी, युनियनचा करार किंवा न्यायाधिकरणाचा निवाडा यांवर अवलंबून होती. केरळ आणि पश्चिम बंगालने आपापले कायदे केले होते. केंद्रीय कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन हा हक्क ठरवला. मूळ कायद्यात दरमहा १,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच तो लागू होता आणि कमाल मर्यादा वीस महिन्यांच्या वेतनाची होती. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होती. १९६० च्या दशकात स्वीडनच्या सँडविक व एसकेएफ, जर्मनीची केएसबी, शिवाय टेल्को आणि इटलीच्या पियाज्जिओच्या परवान्यावर स्कूटर बनवणारी बजाज यांनी हा पट्टा भरत गेला. खेड तालुक्यातले चाकण तेव्हा कांदा-बटाट्याची बाजारपेठ होते. युरोपीय भांडवल आणि भारतीय मजूर एकाच फाटकातून आत जात होते, आणि निवृत्तीच्या वेळी हिशेब कोणत्या नियमाने व्हायचा हे दिल्लीत ठरत होते. युरोपविषयक चर्चेत हा हिशेब धरायला हवा. युरोपचा विषय केवळ नाटो आणि वॉर्सा कराराच्या चर्चांपुरता ठेवणे संकुचितपणाचे आहे.

यावर दुसरा आक्षेप असा, की सरकारी विधेयक मंत्रिमंडळाचे व सचिवालयाचे असते, मंत्र्याचे नव्हे. तो अर्धा मान्य करावा लागेल. ग्रॅच्युइटीची मागणी संघटनांनी अनेक वर्षे लावून धरली होती आणि राज्यांनी वाट आधीच दाखवली होती. खाडिलकरांना या कायद्याचे जनक म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण विधेयकाला सभागृहात उत्तरदायी मंत्री लागतो, आणि कामगार चळवळीची भाषा जाणणारा माणूस त्या जागी असणे ही गोष्ट क्षुल्लक नाही. तिसरा आक्षेप अधिक खरा आहे : पाच वर्षांच्या अटीमुळे कायद्याचा फायदा ‘परमनंट’ कामगारालाच झाला. चाकणमध्ये २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझचे कारखाने उभे राहिले आणि औद्योगिक वसाहत विस्तारली, तोवर कंत्राटी, ‘ट्रेनी’ आणि काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळणाऱ्या कामगारांचे प्रमाण इतके वाढले होते, की पाच वर्षे एकाच हजेरीपटावर राहणे ही अनेकांसाठी दूरची गोष्ट झाली. ही उणीव १९७२ च्या रचनेतच होती. तेव्हाची कायम नोकरीची गृहीते पाहता ती समजण्यासारखी असली, तरी तिचा दोष कायदा करणाऱ्यांकडेही जातो.

१९७२ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून, मुदतबंद नेमणुकीवरील कामगारांसाठी तिने पाच वर्षांची अट काढली आहे. कंत्राटदाराकडील इतर कामगारांना ती अट अजूनही लागू आहे.