लोहारशाळेतलं बेथेल

फिलाडेल्फिया शहरात सहावा रस्ता आणि लोम्बार्ड स्ट्रीट जिथे मिळतात, तिथला जमिनीचा एक तुकडा रिचर्ड ॲलन या माणसाने १७९१ साली विकत घेतला. तेव्हापासून ती जागा कृष्णवर्णीयांच्याच हातात आहे. इतकी जुनी, मधे खंड न पडलेली काळ्यांची मालकी अमेरिकेत दुसऱ्या कुठल्या जमिनीवर नाही, असं मानतात. मी त्या मदर बेथेल चर्चमध्ये गेले होते ती गाणं ऐकायला. नगरच्या मंडळीत ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हणत वाढलेलं माणूस मी. काळ्या मंडळींचं जगभर नावाजलेलं गाणं एकदा समोर बसून ऐकावं, एवढीच हौस. गाणं ऐकलंच, पण डोक्यात घोळत राहिली ती जागेच्या कागदपत्रांची गोष्ट.

ॲलनचा जन्म १७६०चा, गुलामीतला. लाकडं फोडून, मिठाची गाडी हाकून त्याने पैसे जमवले आणि मालकाकडून स्वतःला सोडवून घेतलं. मेथडिस्ट उपदेशक म्हणून १७८६मध्ये तो फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस चर्चमध्ये आला. त्याला वेळ मिळाली पहाटे पाचची. त्याच्यामुळे काळे लोक येऊ लागले, वाढले, आणि बसायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. चर्चची दुरुस्ती झाली, नवी फरशी आली, वर गॅलरी बांधली गेली. काळ्यांनी त्यासाठी वर्गणीही दिली होती. एका रविवारी ते आत आले तर त्यांना वर पाठवलं. प्रार्थना सुरू झाली, सगळे गुडघ्यावर गेले, तेवढ्यात एका विश्वस्ताने ॲलनचा साथीदार ॲब्सलम जोन्स याला दंडाला धरून उठवायला सुरुवात केली; त्यांनी भलतीच जागा धरली होती म्हणे. प्रार्थना होईपर्यंत तरी थांबा, असं जोन्सने विनवलं. तो थांबला नाही. प्रार्थना संपली आणि सगळे काळे उपासक एकदम बाहेर पडले.

हा प्रसंग बरेच जण १७८७चा सांगतात. पण गॅलरीचं काम १७९२चं, त्यामुळे मला नंतरचंच साल पटतं. आणि ते धरलं तर एक मजेची गोष्ट दिसते: जमीन आधी घेतली, दंडाला हात नंतर पडला. म्हणजे रागाच्या भरात उठून गेलेली ही माणसं नव्हती; आपलं काहीतरी असावं, हे त्यांच्या मनात आधीच शिजत होतं.

जोन्स एपिस्कोपल पंथात गेला. ॲलन मात्र मेथडिस्टच राहिला. साधा, समजेल असा उपदेश आपल्या लोकांना जुळतो, असं त्याचं मत. एक जुनी लोहारशाळा विकत घेऊन घोड्यांकरवी ती या जागेवर ओढून आणली आणि जुलै १७९४मध्ये बिशप ॲझबरीच्या हस्ते तिचं चर्च झालं. १८०१मध्ये ॲलनने आपल्या मंडळीसाठी स्वतः निवडलेल्या गीतांचं पुस्तक छापलं. लोहारशाळेचं चर्च झालं त्याच्या आदल्याच वर्षी, १७९३मध्ये, शहरात पीतज्वराची साथ आली होती. ॲलन आणि जोन्सच्या माणसांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मुडदे उचलले. आणि साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने काळ्यांनी लोकांना लुबाडल्याचं छापलं. दोघांनी जमाखर्चासकट पुस्तिका काढून उत्तर दिलं. हिशेब ठेवायची सवय पुढेही कामाला आली.

कारण खरी लढाई पुढेच होती. चर्चचा नोंदणीचा मसुदा एका गोऱ्या पाळकाने तयार केला होता, आणि त्यात मालमत्ता गोऱ्यांच्या कॉन्फरन्सच्या ताब्यात जाईल अशी तरतूद बेमालूम बसवलेली. घाम आपला आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, ही तऱ्हा आपल्याकडच्या माणसाला वेगळी समजावून द्यायला नको. ॲलनच्या मंडळीने १८०७मध्ये ती कलमं बदलून घेतली. तरी भांडण मिटेना. १८१५मध्ये चर्चचाच लिलाव पुकारला गेला आणि ॲलनने स्वतःच्याच चर्चसाठी १०,१२५ डॉलरची बोली लावून ते परत घेतलं. १८१६च्या आरंभी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ उभा राहिला, ॲलन त्याचा पहिला बिशप.

जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि १८८३ ते ८६ आनंदीबाई जोशी याच शहरात डॉक्टरी शिकल्या, हे मला ठाऊक होतं. चर्चची हल्लीची दगडी इमारत मात्र आनंदीबाईंच्या काळानंतरची. त्या जागेवरची चौथी.

आता त्या रविवारबद्दल. आमच्याकडे पाळकसाहेब बोलत असताना कोणी चकार शब्द काढत नाही. तिथे उपदेशाला मंडळी वाक्यागणिक साथ देते, पाळक थांबून ती साथ घेतो आणि पुढे जातो. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं झालं. शेजारच्या मोठ्या हॅटवाल्या आजीबाईंनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी माझा हात धरून टाळीला लावला. प्रभुभोजनाला रांगेने पुढे जाऊन कठड्याशी गुडघे टेकायचे होते. माझ्या दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं, आणि कोण कुठे टेकतंय याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. इतिहास वाचून गेलं की असल्या साध्या गोष्टीही डोळ्यांत भरतात.

तळघरात ॲलनची कबर आणि छोटं संग्रहालय आहे. तिथे मी घुटमळले ती जॅरिना ली या बाईच्या गोष्टीपाशी. मला उपदेश करायचा आहे, असं तिने ॲलनला सांगितलं, तेव्हा आपल्या नियमावलीत स्त्रियांना ती मुभा नाही, असं सांगून त्याने तिला परत पाठवलं. ज्याला वरच्या गॅलरीत पाठवलं गेलं होतं, त्याच माणसाने! पुढे १८१९मध्ये बेथेलमध्येच एक उपदेशक बोलता बोलता अडखळला, तशी ती उठली आणि त्याच वचनावर स्वतः बोलू लागली. आता आपल्याला हाकलणार, या धास्तीने ती खाली बसली. ॲलनने उभं राहून मंडळीसमोर तिची बाजू घेतली. त्यानंतर ती गावोगाव, बरीचशी पायीच, उपदेश करत फिरली. पण हयातीत दीक्षा तिला मिळाली नाही, आणि या पंथाची पहिली स्त्री बिशप, वाष्टी मॅकेन्झी, निवडली गेली ती थेट २००० साली.