प्रेमाचा सलाम आणि दोन गिनी

कामगार चळवळीतल्या माणसांनी युरोपातल्या संगीतावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. संगीताचे शास्त्र आम्ही कोणत्या विद्यालयात शिकलो नाही, हे खरे. परंतु ज्या वस्तूमागे माणसाचे श्रम आहेत, तिचा इतिहास आम्हाला परका नाही. दोन-चार मिनिटांत संपणारी, हळुवार, मनाला चटका लावणारी जी वाद्यरचना असते, तिच्यामागेही श्रम असतात आणि त्या श्रमांचा मोबदलाही कोणीतरी ठरवीत असतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपात पियानो हे वाद्य मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात येऊन बसले. घरच्या मुलीला चार दिवसांत बसवता येईल आणि पाहुण्यांना ऐकवता येईल, अशा लहान रचनांना त्यामुळे मागणी आली. छापील स्वरलिपीचा मोठा बाजार उभा राहिला. हळुवार सूर हा आता दुकानात मिळणारा जिन्नस झाला.

या रचनांपैकी ‘नॉक्टर्न’ म्हणजे रात्रीची रचना. डाव्या हाताने सुटे सुटे सूर पसरायचे आणि उजव्या हाताने त्यांवर गळ्यातून निघाल्यासारखी धून गायची. हा प्रकार जॉन फील्डने रूढ केला. त्याचा जन्म १७८२ साली डब्लिनला झाला. लंडनमध्ये तो क्लेमेंटी या संगीतकाराकडे उमेदवार होता. क्लेमेंटीचा पियानो विकण्याचाही धंदा होता आणि गिऱ्हाइकांपुढे ते पियानो वाजवून दाखवणे हे फील्डचे काम. १८०२ मध्ये मालकाने त्याला रशियात नेले, तेथेही हेच. स्पोर नावाच्या जर्मन व्हायोलिनवादकाने त्याला तेथे पाहिले. अंगाने वाढलेला आणि जुन्या कपड्यांत न मावणारा हा पोरगा तासन्‌तास वाजवीत असे, असे त्याने आत्मचरित्रात नोंदले आहे. १८१२ पासून फील्डच्या नॉक्टर्न छापून येऊ लागल्या. पुढे शोपँने याच वाटेने जाऊन एकवीस नॉक्टर्न लिहिल्या आणि शिष्याने गुरूला मागे टाकावे तसे झाले.

आता इंग्लंडकडे वळू. एडवर्ड एल्गार हा वूस्टर गावच्या पियानो जुळवणाऱ्याचा मुलगा. रचनाशास्त्र तो बहुतांशी स्वतःच शिकला. पोटासाठी शिकवण्या करताना कॅरोलाइन ॲलिस रॉबर्ट्स ही शिष्या त्याला भेटली. तिचा जन्म १८४८ सालचा, आपल्या शेजारच्या कच्छमधील भुजचा. १८५८ मध्ये इंग्रजी फौजेने कोटा शहर घेतले, त्या फौजेचे सेनापती रॉबर्ट्स ते तिचे वडील. दुकानदाराच्या मुलाशी सोयरीक तिच्या नातेवाइकांना रुचली नाही. तिने मात्र माघार घेतली नाही. १८८८ मध्ये तिने एक कविता दिली आणि एल्गारने उत्तरादाखल एक छोटी धून लिहिली. तिचे नाव ‘सालू दामूर’, म्हणजे प्रेमाचा सलाम. पुढच्या वर्षी त्यांचे लग्न झाले.

ही धून त्याने शॉट या प्रकाशकाला दोन गिनींना, म्हणजे बेचाळीस शिलिंगांना, कायमची विकली. आरंभीचे तिचे जर्मन नाव बदलून फ्रेंच नाव दिल्यावर खप वाढला आणि ती देशोदेशी पोचली. त्या खपाचा वाटा एल्गारला मिळाला नाही. कोणी त्याला फसवले, असे आम्ही म्हणत नाही. बाजाराची रीतच तशी होती. एकटा माणूस सौद्याला बसला की भाव समोरचा ठरवतो, एवढेच.

एकट्याने न बसण्याची युक्ती पॅरिसमध्ये आधीच सापडली होती. १८४७ मध्ये तेथील एका उपाहारगृहात बूर्जे या गीतकाराने बिल देण्यास नकार दिला. तुम्ही आमची गाणी फुकट वाजवता, मग आम्ही तुमचे साखरपाणी फुकट का पिऊ नये, हा त्याचा मुद्दा. न्यायालयाने त्याचा पक्ष उचलून धरला आणि १८५१ मध्ये तेथे रचनाकारांची संस्था निघाली. इंग्लंडात अशी संस्था व्हायला १९१४ साल उजाडले. आपल्याकडे ती १९६९ मध्ये झाली. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापराचा वाटा मिळण्याचा हक्क आला, आणि तो हक्क प्रकाशकाला वा निर्मात्याला लिहून देण्याची सोय उरली नाही.

पैशाचा हिशेब मांडल्याने कलेचे मांगल्य जाते, असे म्हणणारे सज्जन आहेत. आम्हाला ते पटत नाही. एल्गारने ती धून प्रेमापोटी लिहिली, हे खरे. आणि त्यालाही घरभाडे भरावे लागत होते, हेही खरे. पहिले सत्य सांगून दुसरे झाकू नये, इतकीच आमची श्रोत्यांना विनंती आहे.