तळटीप : ‘मग लष्कर आले’

मग लष्कर आले : संदर्भ किल्लारीच्या भूकंपाचा (३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास). लेखक एका वाक्यात पुढे जातात, पण इथे थांबायला हवे. लातूर-उस्मानाबाद भागातली घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. तीच माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. यंत्राने उपसावे तर आत कुणी जिवंत असेल ही धास्ती. म्हणून जवानांनी कुदळ-फावड्याने आणि कित्येक ठिकाणी नुसत्या हातांनी ढिगारे उकरले, भर पावसात प्रेते काढली. हे त्यांचे मूळ काम नव्हे. नागरी प्रशासनाने बोलावल्यावर मदतीला यायचे, एवढीच लष्कराची यातली भूमिका. तरीही गावकऱ्यांना पहिला धीर आला तो त्यांच्यामुळेच, आणि हे ऋण मोठे आहे. मात्र दर आपत्तीत सैन्यावरच विसंबणे योग्य नव्हते. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल (एनडीआरएफ) उभे राहिले; त्यात लष्कराचे नव्हे, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा निमलष्करी दलांचे जवान असतात. महाराष्ट्रासाठीची तुकडी पुण्याजवळ तळेगाव परिसरात आहे. २०१४ साली माळीण गावावर दरड कोसळली, तेव्हा चिखलातून माणसे काढण्याचे काम याच दलाने केले.