लिनक्स संगणकाचा आवाज गेल्यास...

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या संगणकांसाठी लिनक्स हा बिनखर्चाचा मार्ग उरला. लिनक्स, लिब्रेऑफिस आदी मुक्त आज्ञावली शिकवणारे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठही विनामूल्य आहेत. त्यांत पडद्यावरचा मजकूर इंग्रजी असतो, निवेदन मात्र मराठीतही ऐकता येते. साहजिकच आवाज गेला, की वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड वा मानोऱ्याच्या विद्यार्थ्यापुढे उरते ती केवळ इंग्रजी. ‘ऑर्का’ या पडदावाचकावर विसंबणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीचा तर सारा संगणकच मुका होतो.

अशा वेळी संगणक ‘फॉरमॅट’ करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. बहुतेकदा त्याची गरज नसते.

लिनक्समध्ये आवाज दोन थरांतून जातो. ध्वनियंत्रणेशी थेट बोलणारा ‘अल्सा’ हा भाग २००३ च्या २.६ आवृत्तीपासून गाभ्यातच आहे. निरनिराळ्या आज्ञावलींचे आवाज एकत्र करणारा थर त्याच्या वर असतो. पूर्वी हे काम ‘पल्सऑडिओ’ करी. २०२१ मध्ये फेडोराने आणि २०२२ मध्ये उबुंटूने त्याच्या जागी ‘पाइपवायर’ आणले. ‘म्यूट’ची सोय दोन्ही थरांत आहे, आणि गोंधळाचे मूळ बहुधा येथेच सापडते.

स्पीकरची वायर मागच्या हिरव्या छिद्रात आहे ना, हे आधी पाहावे. मग ‘सेटिंग्ज’मधील ‘साउंड’ उघडून ‘आउटपुट’ कोणते निवडले आहे ते तपासावे. मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडलेला असेल, तर आवाज स्पीकर नसलेल्या त्या मॉनिटरकडेच जात असण्याचा संभव असतो. निवड बदलली, की काम भागते.

तरीही शांतता असल्यास टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ हा आदेश रोमन लहान अक्षरांत, सलग टंकावा. एफ ६ कळ दाबून योग्य ध्वनियंत्रणा निवडावी. एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसल्यास ती बंद आहे. बाणांच्या कळांनी तेथे जाऊन ‘एम’ दाबावे आणि पातळी वाढवावी. ‘मास्टर’ सुरू असूनही ‘फ्रंट’ किंवा ‘हेडफोन’ बंद असू शकते. ‘ऑटो-म्यूट’ही पाहावे: हेडफोन लावलेला नसतानाही तो आहे असा यंत्राचा समज झाला, तर स्पीकर गप्प होतो.

यादीत केवळ ‘डमी आउटपुट’ दिसत असेल, तर संगणकाला ध्वनियंत्रणाच सापडलेली नाही. बाहेर पडून पुन्हा ‘लॉग इन’ करावे, अद्ययावत आवृत्त्या उतरवून घ्याव्यात. निदान पक्के करण्यासाठी लिनक्स पेनड्राइव्हवरून, न बसवता, चालवून पाहावे. तेथे आवाज आला तर यंत्र ठणठणीत असून दोष मांडणीत आहे. तेथेही न आल्यास ‘बायोस’मध्ये ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ बंद तर नाही ना, ते पाहावे. ते सुरू असूनही आवाज नसेल, तर यूएसबीवर चालणारे छोटे साउंड कार्ड जोडावे. लिनक्स ते बहुधा वेगळ्या ड्रायव्हरविना ओळखते.