सामायिक तबकडीचा हिशेब

सामायिक विहिरीचं पाणी आटलं म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो हा, की उपसलं कुणी? संगणकाच्या दुनियेतही हा प्रश्न निघाला होता. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल इथं बेल प्रयोगशाळा होती. तिथं १९६९ साली केन टॉमसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'युनिक्स' ही संगणकप्रणाली रचायला घेतली. यंत्र एक, पण त्यावर काम करणारे अनेक, अशी ही व्यवस्था. १९७१ च्या सुमारास त्यांच्या यंत्राची डिस्क, म्हणजे माहिती साठवायची तबकडी, अवघी ५१२ किलोबाइटांची होती. सव्वापाच लाख अक्षरं लिहिली की ती भरली! आणि भरली म्हणजे सगळ्यांचंच काम अडायचं. ज्यानं चिमूटभर जागा घेतली, त्याचंसुद्धा.

म्हणून नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्याच माहितीपुस्तिकेत हिशेबाच्या दोन आज्ञा दिसतात. 'डीएफ' ही आज्ञा शिल्लक जागा सांगे. 'डीयू' ही एखाद्या कप्प्यात शिरून, पोटकप्पे धुंडाळून, तिथं किती जागा गेली त्याची बेरीज करी. पण जागा कुणाच्या नावावर गेली? प्रत्येक फाइलीच्या नोंदीत मालकाचा क्रमांक असतोच. त्यावरून माणसागणिक बेरीज मांडणारी 'क्वॉट' ही आज्ञा १९७९ च्या सातव्या आवृत्तीत होती.

तरी हा हिशेब मागाहूनचा. पाणी उपसून झाल्यावर बादल्या मोजण्यासारखा. व्यवस्थापकानं 'जुन्या फायली काढा' अशी विनवणी करायची, आणि लोकांनी ती वाचून सोडून द्यायची!

यावर तोड काढली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या रॉबर्ट एल्झ यांनी. त्यांची 'कोटा' पद्धत १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये आली. आता लिहितानाच मोजणी होऊ लागली. प्रत्येकाला मर्यादा दोन: एक मऊ, एक कडक. मऊ मर्यादा ओलांडली तर ताकीद मिळे, काम थांबत नसे. ठरलेल्या ताकिदी संपल्या, किंवा कडक मर्यादा गाठली, की मात्र नवी जागा बंद.

यात मला शहाणपण वाटतं ते त्या मधल्या सवलतीचं. हातातलं काम पुरं करायला सवड मिळाली, आणि शेजाऱ्याचा वाटाही राखला गेला. सामायिक विहिरीवर पाळ्या लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.